जोडी सांगा, वाक्यात उपयोग करा

माझा मुलगा बाहेरच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घ्यायचा आणि आतल्या खोलीत मी लोकांचे कपडे इस्त्री करायचे. मध्ये नुसता पडदा. म्हणून सांगते, इंग्रजी मला येत नाही, पण पाठ आहे. मी कॉलर दाबली की पलीकडून तो ओरडायचा, "हेवी!" आणि सगळी पोरं एका गळ्यानं, "रेन!" मी शर्टाचा खांदा उलटवायचे. "स्ट्राँग!" "टी!" एक बाही. "पे!" "अटेन्शन!" दुसरी बाही. आमच्याकडचे शर्ट त्याच्या तालावर घडी होऊन गिऱ्हाइकाकडे जायचे.

त्याच्याकडे येणारी पोरं तशी मोठी. कुणाला हॉटेलात लागायचं, कुणाला जहाजावर, कुणाला परक्या मुलखातल्या इस्पितळात. शब्द त्यांना ठाऊक असायचे, पण कुठल्या शब्दाशेजारी कुठला बसवायचा तिथं घोडं पेंड खायचं. मास्तर, म्हणजे माझा मुलगाच, सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणते, त्यांना सांगायचा की इंग्रजीत शब्दांची लग्नं आधीच लागलेली असतात. तिकडचा पाऊस जोराचा नसतो, जड असतो. चहा जड नसतो, ताकदवान असतो. झोप गाढ नसते, वेगवान असते. का? विचारायचं नाही. ठरवणारे ठरवून गेले, आता नांदवायचं. मला हे लगेच पटायचं. आमच्या घरात तरी कुणी कारणं विचारून लग्न लावलंय!

पण नुसत्या जोडीवर तो कुणाला सोडायचा नाही. "जोडी काय, पोपटसुद्धा म्हणेल. वाक्यात उपयोग कर. आणि वाक्य तुझं पाहिजे, पुस्तकातलं नको." मग नळ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा त्याच्या नळाचं वाक्य करायचा, कुलूपवाल्याची मुलगी कुलपाचं. हसायचे सगळे. मी पण पडद्याआड हसायचे, काही न कळता.

एका सकाळी दात घासताना त्याच्या हातातला ब्रश पडला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी. इस्पितळातून घरी आला तेव्हा उजवा हात लुळा, पाय ओढायचा, आणि बोलणं गेलेलं. जीभ जागेवर होती, शब्द जागेवर नव्हते. काहीही विचारा, "ते... ते..." एवढंच. लिहून दाखवील म्हणून डाव्या हातात खडू दिला, तर पाटीवर नुसत्या रेघोट्या. मान हलवायचा, पण त्या मानेचा काय भरवसा? भूक लागलेली असताना नाही म्हणून हलायची आणि पोट भरल्यावर हो म्हणून. ज्यानं गल्लीतल्या अर्ध्या पोरांना बोलतं केलं, त्याला पाणी मागता येईना.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलत "आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?" असं दिवसभर विचारायची तिला सवय. नवऱ्यालाही तसंच. एका हातात पेला, एका हातात कप. "अहो, हे हवं, की हे?" तो दोन्हींकडे बघून मान हलवायचा. ती दोन्ही पाजायची.

इस्पितळानं घरी एक बाई धाडली. बोलायला शिकवणारी. असलीही डॉक्टरीण असते हे मला तेव्हा कळलं. मी तिचं नाव जीभवाली ठेवलं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"आजी कुणाची गं? माझ्या सुनेनं मला अजून आजी केलेलं नाही. आणि बाहेरच्याच खोलीत तर बसलोय आपण. आणखी बाहेर म्हणजे रस्त्यावर बसू?"

"बरं, काकू. आत बसा मग."

मी आत जाऊन इस्त्री तापत ठेवली. कान बाहेरच होते. तिनं त्याचा हात हातात घेतला, बोटांवर थाप मारत म्हणाली, "एक, दोन..." आणि तो म्हणाला, "तीन, चार, पाच." अगदी स्पष्ट. सुनेनं तोंडावर हात ठेवला. माझ्या मात्र पायाची आग मस्तकात गेली. अरे, हा माणूस मोठमोठ्यांना साहेबांसारखं बोलायला शिकवणारा, आणि ही कालची पोर त्याला बालवाडीत बसवते? मी इस्त्री उभी केली आणि पडद्यातूनच ओरडले, "हेवी!"

"रेन," तो म्हणाला.

मी पडदा बाजूला सारून पुढे आले. "स्ट्राँग!"

"टी."

"पे!"

"अटेन्शन."

"कॅच!"

"कोल्ड."

मी सुनेकडे पाहिलं. बघ म्हटलं, कुणाचा मुलगा आहे. सून रडतही होती, हसतही होती. जीभवालीनं मात्र वहीत काही लिहिलं आणि मला खुर्ची दिली. माझ्याच घरात.

"काकू, हे चांगलं आहे. पण याला बोलणं समजू नका."

"मग काय समजू? खोकला?"

"आपण अर्धवट झोपेतही पाढे म्हणतो ना, तसं आहे हे. पाय रोजच्या रस्त्यानं आपोआप घराकडे वळतात, तसे शब्द वळताहेत. तुम्ही अर्धं म्हटलंत म्हणून उरलेलं अर्धं आलं. त्यांना काय हवंय, ते त्यात नाही. सुरुवात त्यांनी करायला हवी. कुणी न ओरडता ज्या दिवशी ते आपणहून एखादा शब्द काढतील, त्या दिवशी मला फोन करा. कुठलाही शब्द चालेल."

"बरं," मी म्हटलं. पण मनात म्हटलं, तू कर फोन. माझा मुलगा बोलतोय.

त्या दिवसापासून घरात मी ओरडायचे आणि तो पुरं करायचा. सकाळी त्याला उठवताना "गुड!" म्हणायचे, तो "मॉर्निंग" म्हणायचा. शेजारीण आली की तिच्यादेखत ओरडायचे, "डीप!" "ब्रेथ." शेजारीण डोळे पुसायची, मी ऐटीत चहा टाकायचे. चहाचंही तसंच. "स्ट्राँग!" म्हटलं की "टी" म्हणायचा, म्हणून मी त्याला दोन्ही वेळा काळाकुट्ट चहा द्यायला लागले. मागतोय ना बाबा, द्यायला नको? तो एक घोट घ्यायचा आणि कप लांब सारायचा. एकदा अंगावर सांडला.

सून म्हणाली, "आई, त्यांना कडक चहा कधीच आवडला नाही. पित्त होतं त्यांना. दूध जास्त लागतं."

"मग मागतो कशाला?"

"ते मागत नाहीत. तुम्ही मागताय."

"अगं, मी विचारते आणि तो सांगतो. तू दोन हातांत दोन पेले नाचवतेस, तुला कधी सांगितलं त्यानं?"

तिनं फडकं घेऊन त्याची मांडी पुसली. तिचं ते न बोलता पुसणं मला कधीच आवडलेलं नाही. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. पुसणाऱ्याशी काय करणार?

गल्लीच्या तोंडाशी कुलूपवाल्याचं दुकान आहे. त्याच्या मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. इस्पितळातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजीत मुलाखत द्यायची होती. तो संकोचत दारात उभा राहिला. "काकू, मास्तरांना बरं वाटेस्तोवर पोरीला दुसरीकडे घालू का? राग मानू नका."

"दुसरीकडे कशाला? मास्तर बोलायला लागलाय. उद्यापासून धाडा. बाकीच्यांनाही सांगा."

सुनेनं कळल्यावर माझा हात धरला. खरंच धरला, मनगटाला. "आई, नका. हात जोडते."

"तू तुझ्या काचा पूस. शिकवणी माझ्या मुलाची आहे."

दुसऱ्या दिवशी ती दुकानावर गेली आणि मी त्याची दाढी करवून घेतली, निळा शर्ट घातला. कॉलर अशी दाबली होती की बोट लावलं तर कापेल. त्याला फळ्याजवळच्या खुर्चीत बसवलं. पोरं आली, चपला दाराशी निघाल्या, खोलीत त्या ओळखीच्या घामाचा वास भरला. मी खुर्चीशेजारी उभी राहिले आणि ओरडले, "हेवी!" तो म्हणाला, "रेन." पोरं ओरडली, "रेन!" त्याच्या तोंडावर उजेड पडला. खोटं नाही सांगत, पाठ ताठ झाली त्याची. मी म्हणायचे, तो म्हणायचा, पोरं म्हणायची. "सेव्ह!" "टाइम!" "ब्रेक!" "रूल्स!" वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. आता जगाला बोंबलू दे.

मग कुलूपवाल्याची मुलगी उभी राहिली. तिची चूक नव्हती. शिकवणीची रीतच तशी होती.

"सर, 'कीप अ सीक्रेट' वाक्यात कसं वापरायचं? मुलाखतीत पेशंटबद्दल विचारतात म्हणे. एक वाक्य सांगा ना."

तो तिच्याकडे बघून हसला. त्याला प्रश्न कळला होता, यावर मी कुठलीही शपथ घेईन. तोंड उघडलं. "ते..." म्हणाला. "ते... ते..."

मी घाईनं मध्ये पडले. "कीप!"

"सीक्रेट."

"जोडी नको काकू, वाक्य," मुलगी हळूच म्हणाली.

"कीप!" मी पुन्हा.

"सीक्रेट."

"कीप!" तिसऱ्यांदा मी का ओरडले मला ठाऊक नाही. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून ओरडले. तोही म्हणाला, "सीक्रेट." म्हणताना डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. बटण दाबलं की दिवा लागतो, दिव्याला कोण विचारतं? मग डाव्या हातानं त्यानं टेबलावरची खडूंची पेटी भिरकावली. मागून कुणीतरी घाबरून फिसकन हसलं. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं काय होणार होतं? एकेक जण उठला. चपला शोधतानाचा तो खुसफुस आवाज, आणि हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. कुलूपवाल्याची मुलगी गुडघ्यांवर बसून खडू गोळा करत राहिली. मीच तिला म्हटलं, "जा बाई आता."

सून आली, फरशीवरचा पांढरा चुरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कधी हरलेले नाही. तिनं केरसुणी घेतली, चुरा भरला, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, माझ्या भावाच्या गावी एक जागा आहे. अशा पेशंटना ठेवून घेतात. दिवसभर बोलायला शिकवतात, नुसता तासभर नाही. जीभवालीबाईंनीच सांगितलं." तीही तिला आता जीभवालीच म्हणायची. "तिथे एक खाट रिकामी होतेय. पुढच्या आठवड्यात न्यायला हवं. मी रजा टाकते, भावाकडे राहीन."

"आणि मी?"

"तुम्ही इथे. भावाचं घर लहान आहे."

"म्हणजे माझ्या मुलाला उचलून तू माहेरी नेणार."

"माहेरी नाही नेत. तिथल्या लोकांकडे नेतेय."

"तिथं त्याला कोण ओळखतं?"

"कुणी नाही. म्हणून तर!" आता ती जरा चढली. "इथं सगळे ओळखतात, म्हणून त्यांना बोलायची गरजच पडत नाही. तुम्ही अर्धं बोलता, ते अर्धं बोलतात, झालं तुमचं घर. मला तर त्यातलं अर्धंही मिळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला काय हाक मारायचे तेसुद्धा त्यांना आठवतंय की नाही, मला माहीत नाही."

"तो माझ्याशिवाय एक दिवस राहायचा नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? बाळंतपण मी सोसलंय, तू नाही."

"मग त्यांनाच विचारू."

"विचार ना. कोण घाबरतंय?"

आम्ही दोघी त्याच्या खाटेजवळ गेलो. तो उशीला टेकून बसला होता. आमचं सगळं ऐकलं असणार, घर केवढंसं. सुनेनं आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. एक बोट वर, "अहो, इथे राहायचं?" दुसरं बोट वर, "की तिकडे जायचं?" त्यानं मान हलवली. कशाला हलवली? दोन्हींना.

"असं नाही कळायचं," मी म्हटलं. पदर खोचला, समोर बसले. "स्टे!"

"होम," तो म्हणाला.

मी सुनेकडे वळले. "ऐकलंस? स्टे होम. पडद्याआडून मी सगळं शिकलेय. घरी राहायचं म्हणतोय माझा मुलगा."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. चीड नव्हती त्या बघण्यात. मग ती खाली बसली, त्याच्या गुडघ्याला गाल लावला आणि हळूच म्हणाली, "गो."

"होम."



"लीव्ह," ती म्हणाली.

"होम."

"कम."

"होम."

"बास झालं," मी म्हटलं.

"आई, तुम्ही राहा म्हणा, मी जा म्हणते, आणखी कुणी सोड म्हणेल. ते आपलं 'होम'च म्हणणार. त्यांना काय पाहिजे ते आपल्याला कळत नाहीये. तुम्हाला नाही, मला पण नाही."

आणि तो? तो आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. वर्गात दोन पोरांनी दोन उत्तरं द्यावीत आणि दोन्ही चुकीची निघावीत, तेव्हा तो असा बघायचा. फक्त तेव्हा तो फळ्याकडे वळून बरोबर उत्तर सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. भरपूर दूध घालून. कुणी सांगितलं म्हणून नाही. त्यानं घोटघोट करून सगळा प्यायला. मी रिकामा कप घेऊन बराच वेळ उभी राहिले.

सून त्याची दाढी करत होती आणि मी पाण्याचं भांडं धरलं होतं. असं आम्ही दोघी एका कामाला पहिल्यांदाच एकत्र लागलो असू. एका गालाचा साबण निघाला होता, दुसऱ्यावर होता. तिनं हनुवटी वर केली, तेवढ्यात त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. वस्तरा हवेत. आणि कुणी काही म्हटलेलं नसताना, मी नाही, तिनं नाही, तो म्हणाला,

"मेक."

भांड्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

"काय म्हणालात?" सून म्हणाली.

"मेक," तो म्हणाला. आणि थांबला. माझ्या तोंडाकडे बघत थांबला. पुढचं मी म्हणायचं होतं. पोरांनी म्हणायचं, तसं.

आता हा 'मेक' म्हणजे शिकवणीतला सगळ्यांत जास्त बायका केलेला शब्द. त्याच्या जोड्या म्हणता म्हणता माझे आख्खे दोन-तीन शर्ट व्हायचे. मला सगळ्या पाठ. मी भांडं खाली ठेवलं.

"मिस्टेक?" मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले. मानेनं नाही, डोळ्यांनी. हे नवीन होतं. त्याचा अर्थ 'नाही' असा होता.

"नॉइज?" डोळे मिटले. "कॉल? फोन कॉल? कुणाला करू?" मिटले. "बेड? झोपायचंय?" मिटले.

"प्रॉमिस?" सून म्हणाली. आवाज कसला तो, नुसती वाफ. "कसलं वचन? माझ्याकडून? मी देते, काय देऊ सांगा. प्रॉमिस?"

डोळे मिटले.

"डिसिजन," ती म्हणाली. "ठरवा, असं म्हणताय? आम्ही ठरवू? की तुम्ही ठरवलंय?"

मिटले. पण उघडायला जरा उशीर केला, म्हणून आम्ही पुन्हा विचारलं, आणि पुन्हा मिटले. माझ्या मनात आलं, पहिल्यांदा थकून मिटले असतील का? की दुसऱ्यांदा थकून? कुणाला विचारायचं?

"फ्रेंड्स. पीस. मनी. टी," मी म्हणत गेले. निम्म्यांचा अर्थ मला कुठं ठाऊक! आवाज ठाऊक. एकेक जोडी काढून त्याच्या पुढ्यात ठेवायची, तो बघायचा, मिटायचा. गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यातून एकेक कपडा काढून दाखवावा, तुमचा का हो, तुमचा का, तसं. कुठलाच त्याचा नव्हता. त्याच्या गालावरचा साबण वाळून पांढरी पपडी झाली. मनगट त्यानं सोडलं नव्हतं.

सुनेनं तशाच अवस्थेत दुसऱ्या हातानं जीभवालीला फोन लावला. ती बाई ओरडलीच आनंदानं, मला इकडपर्यंत ऐकू आलं. "आपणहून? कुणी सुरुवात न करता? अहो, हे फार मोठं आहे!"

"मोठं आहे, पण म्हणतोय काय?" मी फोन ओढून घेतला. "मेक म्हणजे काय, ते सांग आधी. तू शिकलेली आहेस ना?"

"काकू, मेक म्हणजे करणं, बनवणं. पण त्यांच्या मनात कुठलं वाक्य आहे ते मी इथून कसं सांगू? कदाचित त्यांनाही अजून पुरतं सापडलं नसेल. त्यासाठी रोज बसावं लागेल त्यांच्याबरोबर. बरेच दिवस. कळवलंत ते फार बरं केलंत."

"कळवून काय मिळालं?"

मी फोन सुनेला दिला. तोवर त्याचा हात गळून पडला होता. तो भिंतीकडे वळला. अर्धी दाढी तशीच राहिली. सून वस्तरा धुवायला आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत बसले. मोठी पाठ आहे त्याची, बापासारखी. मी म्हटलं, "अरे, मला नाही येत रे. माझ्याकडे होत्या तेवढ्या सगळ्या म्हणून झाल्या." तो वळला नाही. झोपलाही नव्हता, श्वास कळतो आईला.

मी आत गेले. सून मोरीपाशी उभी होती, नळ चालू, हात कोरडे.

"खाट ठेवलीय का अजून त्यांनी?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. "ठेवलीय."

"मग कर जायची तयारी."

"आई, पण त्यांना जायचंय की नाही ते..."

"ते मलाही माहीत नाही. मला माहीत असतं तर तुला जाऊ दिलं असतं का? नळ बंद कर. पाणी फुकट येतं का?"

निघायच्या आधी मी त्याचे सगळे शर्ट धुऊन इस्त्री केले. कॉलर, खांदा, बाही, दुसरी बाही. आवाज नव्हता कसला, तर हात सारखा चुकायचा. एक शर्ट तर मी डाग पडेपर्यंत दाबून धरला. तो मी ठेवून घेतला, पाठवला नाही.

सुनेचा भाऊ गाडी घेऊन आला. भला माणूस आहे, माझ्यापुढे नीट वाकून बोलला. मी त्याला म्हटलं, "दूध जास्त घालायचं चहात. आणि मान हलवली तर विश्वास ठेवायचा नाही. डोळे मिटले तर ठेवायचा. बहुतेक." त्यानं सगळं ऐकून घेतलं. कुलूपवाल्यानं दुकान सोडून येऊन मास्तरला धरून मागच्या सीटवर बसवलं. सून त्याच्या पलीकडे बसली. तिनं काच खाली केली.

"आई, पोचल्यावर फोन करते."

"कर. फोनवर त्याला देऊ नकोस, त्याला काय बोलता येणार आहे?" असं म्हटलं आणि लगेच म्हटलं, "दे. नुसता कानाला लाव."

तो माझ्याकडे बघत होता. गाडी सुरू झाली, थरथरली, आणि त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही इंजिनात, पण ओठ मिटले आणि उघडले, तसेच, दाढीच्या दिवशीसारखे. तोच शब्द. आणि तो थांबला.

मी गाडीबरोबर चालायला लागले. "ट्रिप?" मी म्हटलं. "प्लॅन? जोक? मेस? वे?" ज्या त्या दिवशी राहिल्या असतील त्या, आणि नव्हत्या त्याही. "शुअर? रूम? नोट?" गल्ली अरुंद आहे, गाडी हळू निघाली होती, म्हणून मला थोडं अंतर जमलं. कोण बघतंय, कोण नाही, मी पाहिलं नाही. तो काचेतून माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि एकाही शब्दाला डोळे मिटत नव्हता, आणि हो पण म्हणत नव्हता. कुलपाच्या दुकानापुढे गाडीला रस्ता मोकळा मिळाला आणि ती वेगात निघाली. मी तिथंच उभी राहून म्हणत राहिले, जे येईल ते.